बघून घेण्याचे दिवस

दसरा जवळ आला की दिल्लीत, आमच्या मयूर विहारमध्ये, सप्तपर्णी फुलते. दिवसा तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. उन्हं उतरली की मात्र सोसायटीच्या गेटापासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत तिचा वास दाटून येतो. गोड, किंचित कडवट, डोकं जड करणारा. नव्यानं राहायला आलेली माणसं "क्या खुशबू है!" म्हणत झाडाखाली थांबतात. आमच्यासारखे जुने रहिवासी नाकाला रुमाल लावतात आणि खिडक्या ओढून घेतात. मीही ओढते. पण मला त्या वासाचा त्रास होत नाही. त्या वासाबरोबर एक आश्विन घरात येतो, आणि एकदा आला की दिवाळी उलटेपर्यंत जात नाही.

त्या आश्विनात माझ्या नवऱ्यानं, माधवनं, सगळं बघून घेतलं.

काचबिंदू होता. फार उशिरा कळला. मानेसरच्या कारखान्यात माधवची सगळी नोकरी मोटारींच्या सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. आणि त्याच नजरेच्या कडा कित्येक वर्षं हळूहळू झिजत होत्या हे त्याला कळलं नाही. रिटायर झाल्यावर तो दारांच्या चौकटींना धडकायला लागला, तेव्हा आम्ही हसायचो. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहिल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "जो चला गया, वो वापस नहीं आएगा. जो बचा है, उसे जितना हो सके सँभालेंगे. मगर ज़्यादा उम्मीद मत रखिए." बाहेर आल्यावर माधवनं रस्त्यापलीकडची दुकानाची पाटी मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. म्हणाला, "नळीतून बघितल्यासारखं दिसतंय. पण जेवढं दिसतंय तेवढं अगदी स्वच्छ."

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "तुला काय काय बघायचंय? सांग. आपण जाऊ."

मला वाटलं, हिमालय म्हणेल. ग्वाल्हेरचं त्याचं जुनं घर म्हणेल.

तो म्हणाला, "अनुजाला बोलावून घे चार दिवस." अनुजा आमची मुलगी, बेंगळुरूला असते. "आणि गिलला फोन कर. म्हणावं, रविवारी दोन्ही घेऊन ये. मला नीट बघायचीत."

दोन्ही म्हणजे माधवचे मित्र गिलसाहेब यांची दोन रिव्हॉल्व्हरं.

माझा राग अनावर झाला. "लोक डोळे जायच्या आधी काशी-रामेश्वर बघतात आणि तुला बंदुका बघायच्यात?"

"बंदुका नाही गं," तो शांतपणे म्हणाला, "रिव्हॉल्व्हर." संबंध संसारात ही दुरुस्ती त्यानं किती वेळा केली असेल, देव जाणे.

मी वर्ध्याची. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात खादीशिवाय सूत अंगाला लावलं नाही. घरात भाजी चिरायच्या विळीपलीकडे शस्त्र नव्हतं. माधव ग्वाल्हेरचा. त्याच्या आजोबांनी संस्थानच्या फौजेत नोकरी केली होती, आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर परवान्यासकट वारशानं चालत माधवकडे आलं होतं. लग्नानंतर पहिल्याच दसऱ्यात, खंडेनवमीला, त्यानं ते कपाटातून काढून पाटावर ठेवलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते. मग माझ्या ट्रंकेतून वडिलांची टकळी आणून त्याच्या शेजारी ठेवली. म्हटलं, "माझं शस्त्र हे." माधव हसला नाही. त्यानं दोन्हींना एकेक झेंडूचं फूल वाहिलं. हळदकुंकू मात्र टकळीलाच. "पोलादाला लावू नको, गंज धरतो." तेव्हापासून दर खंडेनवमीला पाटावर ती जोडी बसायची, आणि दिल्लीत वाढलेल्या अनुजाला खंडेनवमी हा शब्द जर कशामुळे लक्षात राहिला असेल तर त्या जोडीमुळेच.

ते इंग्रजी बनावटीचं होतं. चार पंचावन्न बोअरचं. म्हणजे नळीचं तोंड इतकं रुंद की माझी करंगळी आत जाईल. एका हातात धरलं तर माझं मनगट वाकायचं. त्याला लागणारी काडतुसं मिळणं केव्हाच बंद झालं होतं, आणि घरात तर कधीच नव्हती. माधवनं ते आयुष्यात एकदाच, आजोबांबरोबर, चंबळच्या एका घळीत झाडलं होतं. त्याला ते झाडायचं नव्हतंच. त्याला ते उघडायचं असायचं. घोड्याजवळची कळ अंगठ्यानं दाबली की नळी मानेतून वाकायची, आणि सहा घरांच्या सिलिंडरमधून एक चांदणीच्या आकाराची पट्टी वर उठायची, रिकामी टरफलं बाहेर टाकायला. नळी आणखी वाकवली की ती चांदणी चट्कन परत आत. माधव ते करायचा आणि दर वेळी कुणीतरी गाण्यातली जागा घेतल्यासारखा मान हलवायचा.

दर रविवारी सकाळी आमच्याकडे तिघांची बैठक असे. गिलसाहेब लष्करातून मेजर म्हणून निवृत्त झालेले, पटपडगंजला राहायचे. उंच, खणखणीत आवाजाचे, आणि पोह्यांवर मूठभर शेव घालून घेणारे. दुसरे कुरेशीसाहेब, एका कॉलेजचे माजी ग्रंथपाल, दर्यागंजहून मेट्रोनं येणारे. त्यांच्याकडे एकही शस्त्र नव्हतं आणि परवानाही. "मेरा तो सिर्फ़ पढ़ने का शौक़ है," म्हणायचे. पण कुठल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा कोणत्या साली आखूड केला आणि का, हे त्यांना तोंडपाठ. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरायची. प्रत्येकानं आपलं उघडून, रिकामं असल्याचं दाखवून, उघडंच समोरच्याच्या हातात द्यायचं. घेणाऱ्यानं पुन्हा स्वतः बघायचं. चापावर बोट कुणी ठेवायचं नाही. माणसाच्या दिशेनं नळी तर चुकूनही नाही. हे नियम ते देवघरातल्या सोवळ्यासारखे पाळायचे. मी पोहे ठेवून जायचे आणि स्वयंपाकघरातून ऐकत राहायचे. तीन म्हातारे तासन्‌तास एका स्क्रूच्या खाचेबद्दल बोलू शकतात यावर आधी माझा विश्वास बसला नसता.

एकदा मी माधवला सरळ विचारलं होतं, "माणूस मारायचं यंत्र सुंदर कसं वाटू शकतं रे?"

त्यानं हातातलं रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. मग म्हणाला, "मलाही नीट सांगता येणार नाही. दोन लोखंडी भाग एकमेकांवर असे बसतात की मधे उजेडाची रेघ राहत नाही. ते हातानं कानशीनं घासून कुणीतरी बसवलंय. ते मला दिसतं."

"आणि यानं कुणी मेलं असेल तर?"

"असेलही. आजोबांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही." त्यानं ते कापडात गुंडाळलं. "म्हणून तर याच्याशी थट्टा करायची नाही."

या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही. पण प्रश्न आपल्यालाही पडलेला आहे हे लपवणारा माणूस तो नव्हता, एवढं त्या दिवशी कळलं.

त्या आश्विनातल्या रविवारी गिलसाहेब दोन्ही घेऊन आले. एक अमेरिकन, सिलिंडर कुशीला उघडणारं, आणि एक इंग्रजी, आमच्या रिव्हॉल्व्हरच्याच घराण्यातलं पण लांब नळीचं. माधवनं टेबल ओढून खिडकीशी घेतलं. कुरेशीसाहेबांनी पडदा धरून ठेवला, कारण तो सारखा वाऱ्यानं मधे येत होता. बाहेरून सप्तपर्णीचा रात्रीचा उरलासुरला वास येत होता आणि आत तेलाचा. माधवनं एकेक उचललं आणि त्या उरलेल्या नळीएवढ्या नजरेतून बघायला सुरुवात केली. एका वेळी बोटभर जागा. घोड्याच्या पाठीवरच्या बारीक रेघा. मुठीतली नक्षी. पोलादाची ती झाक, जी सावलीत काळी दिसते आणि उजेडात धरली की मोराच्या मानेसारखी निळी होते. नळी खिडकीकडे धरून आतले पीळ पाहिले. एक जागा बघून झाली की डोळे मिटायचा, थोडं थांबायचा, मग पुढची.

मी चहा घेऊन आले. गिलसाहेबांसारखा माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. पडदा धरून कुरेशीसाहेबांचा हात दुखत असणार, पण त्यांनी तो सोडला नाही.

मग तो महिना तसाच गेला. रविवारी रिव्हॉल्व्हरं, इतर दिवशी बाकीचं जग. अनुजा आली. तिला त्यानं समोर बसवून घेतलं आणि इतका वेळ बघितलं की ती शेवटी उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. एका सकाळी कुरेशीसाहेब आम्हाला रिजवर, म्हणजे दिल्लीच्या टेकडीवर घेऊन गेले, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नातलग हिंदूराव यांच्या वाड्याच्या चढावर. "आपके ग्वालियर वाले यहाँ भी बसे थे," ते म्हणाले. माधवनं तिथून झाडांच्या शेंड्यांवरून शहराकडे बघितलं. धुरकट होतं. काही दिसत नव्हतं खरं तर, मलासुद्धा. "बघून झालं," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरायला लागला. त्या दिवसापासून तो हात खांद्यावर राहिला.

दिवाळीनंतर दिल्लीवर धुरक्याची गोधडी पडली. सगळेच म्हणत होते, काही दिसत नाही. माधवही म्हणायचा. इतरांचं धुरकं हललं. त्याचं हललं नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ त्याच हिवाळ्यात आली. त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. गिलसाहेब म्हणाले, "यार माधव, मेरा एक जाननेवाला डॉक्टर है. साइन कर देगा. गोली तो है नहीं घर में, किसका क्या बिगड़ेगा?"

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही, गिल," माधव मराठीतच म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, "मैंने सारी उम्र माल पास-फ़ेल किया है. अब मैं फ़ेल हूँ, तो फ़ेल."

त्यानं स्वतःहून कळवलं. रिव्हॉल्व्हर काश्मिरी गेटजवळच्या एका परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागलं. आम्ही दोघं गेलो. दुकानदार चांगला होता. माधवचा हात त्या कापडावरून निघत नाही हे बघून त्यानं स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, "साहब, एक काम कीजिए. परमिशन लेकर इसकी नली में वेल्डिंग करवा दीजिए, घोड़ा जाम करवा दीजिए. फिर ये हथियार ही नहीं रहेगा. लाइसेंस का झंझट ख़त्म. सारा दिन हाथ में लेकर बैठिए."

मला तो उपाय फार आवडला. मी माधवकडे बघितलं. तो मान हलवत होता.

"फिर ये नहीं रहेगा," तो म्हणाला. "पेपरवेट हो जाएगा."

परतीच्या मेट्रोत मी चिडून म्हटलं, "तुला हातात घ्यायला मिळालं असतं ना! वाजलं नसतं, उघडलं नसतं, पण घरात असतं."

"एवढी वर्षं कुणी त्याला मोडलं नाही," तो म्हणाला. "मी आंधळा झालो म्हणून त्याचे हातपाय बांधू?"

समोरच्या सीटवर परीक्षेची जाडजूड पुस्तकं मांडीवर घेतलेली दोन मुलं मराठीत कसल्यातरी मार्कांवर वाद घालत होती. एरवी माधव लगेच विचारायचा, "कुठले रे तुम्ही?" त्या दिवशी नाही विचारलं.

जुन्या परवान्याचं शस्त्र मालकाच्या हयातीत वारसाच्या नावावर करता येतं, हे कुरेशीसाहेबांनी कायद्याचं पुस्तक काढून शोधलं. अनुजा फोनवर म्हणाली, "आई, प्लीज. ती वस्तू मला घरात नको." मग उरले मी. वर्ध्याची, खादीवाल्याची लेक.

मी माधवला विचारलं नाही. अर्ज केला आणि मग सांगितलं. तो नुसता "अगं..." म्हणाला आणि थांबला.

पोलीस चौकशीला आले, शेजारच्या नायरबाईंना विचारून गेले. त्या आठवडाभर माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. शस्त्र हाताळण्याचं शिक्षण घ्यावं लागतं, म्हणून मी सकाळी सकाळी अरवलीच्या टेकड्यांपाशी एका रेंजवर जाऊ लागले. कानांवर ते मोठे झाकणासारखे हेडफोन, अंगात स्वेटर, पायात माझ्या चालायला जायच्या चपला. प्रशिक्षक हरियाणाची तरुण मुलगी होती. "आंटीजी, डरो मत. साँस छोड़ो, फिर दबाओ." पहिल्या आवाजाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं घाबरले. मला आठवत होते माझे वडील, अंगणात टकळीवर सूत काढणारे. ते असते तर काय म्हणाले असते? कदाचित काहीच नाही. तेही आईसाठी आपला नेम मोडून चोरून कांदा-लसूण आणायचे.

शेवटी अधिकाऱ्यांसमोर बोलावणं आलं. त्यांनी कागदावरून मान वर केली. "मैडम, इस उम्र में? आपको ख़तरा किससे है?"

"किसी से नहीं," मी म्हटलं. "मेरे पति देख नहीं सकते. ये उनके दादाजी का है. घर में रहना चाहिए."

त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. कडक माणूस होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, "मिल जाएगा. लेकिन समझ लीजिए, लाइसेंस आपका है. हथियार आपके हाथ में रहेगा. साहब के हाथ में नहीं."

माधव शेजारीच बसला होता. त्यानं मान डोलावली.

उन्हाळा सुरू होता होता रिव्हॉल्व्हर घरी आलं. रविवार होता. गिलसाहेब तोवर मुलाकडे कॅनडाला गेले होते. गेले ते गेलेच, तिथेच वारले. कुरेशीसाहेबांचे गुडघे गेले होते. आम्ही दोघंच. मी टेबलावर चादर अंथरली, कापड सोडलं आणि माधवसमोर ठेवलं.

"घे," म्हटलं.

त्यानं हात टेबलाखाली, मांडीवर ठेवले. "नाही. तुझ्या नावावर आहे."

"अरे, कोण बघतंय?"

"मी तरी बघत नाहीये," तो म्हणाला, आणि हसला. फार दिवसांनी. मग म्हणाला, "साहेबांसमोर मान डोलावली होती गं मी. तू उघड. मी ऐकतो."

मी उघडलं. रेंजवर शिकल्याप्रमाणे आधी रिकामं आहे ना ते बघितलं. कळ दाबली, नळी वाकली, चांदणी उठली आणि चट्कन आत गेली.

"हळू केलंस," तो म्हणाला. "घाबरू नको. परत कर."

परत केलं. त्याची मान हलली.

"आता काय दिसतंय ते सांग."

"काय सांगू? रिव्हॉल्व्हर आहे."

"तू बायॉलॉजी शिकवलंस ना शाळेत? बेडूक कसा सांगायचीस? तसं सांग."

आणि मी सांगायला लागले. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी आहे, तिची एक कड झिजलीय. डाव्या बाजूला शिक्क्यासारखा एक बाण ठोकलेला आहे आणि त्याखाली अक्षरं, अर्धी पुसलेली. मुठीच्या पट्ट्या शिसवी आहेत. मूळच्या फुटल्या म्हणून त्याच्या आजोबांनी ग्वाल्हेरच्या सुताराकडून करून घेतलेल्या. उजवीकडच्या पट्टीवर एक पांढुरकी ठिपकी आहे. "कुठे?" "अंगठ्याच्या खाली." "ती आधी नव्हती. ओल लागली दुकानात. तेलाचं बोट फिरव." मी फिरवलं. "गेली?" "थोडी."

एवढी वर्षं ती वस्तू माझ्या घरात होती आणि मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मी बघत होते ते माझ्या भीतीकडे. आता दर रविवारी मला तिच्याकडे बघावं लागत होतं, कारण मी नाही बघितलं तर माधवला ती दिसणार नव्हती. जसजशी सांगत गेले तसतसे शब्द कमी पडायला लागले. "निळी" म्हटलं की तो विचारायचा, "कशासारखी निळी?" शाईसारखी? नाही. जांभळासारखी? नाही. एकदा म्हटलं, "पाऊस येऊन गेल्यावर संध्याकाळी डांबरी रस्ता दिसतो, तशी." त्याची मान हलली. मग म्हणाला, "हां. बिल्कुल तशीच."

घोडा मागे ओढल्यावर होणारा आवाज तो डोळे मिटून ऐकायचा. डोळे मिटायची त्याला खरं तर गरज नव्हती. त्याचे हात मात्र मांडीवरून कधी उठले नाहीत. कधी कधी बोटं हलायची, गाणं ऐकताना ताल धरावा तशी. ते बघून मला वाटायचं, हा कायदा, हे मान डोलावणं, सगळं चुलीत जाऊ दे, मी स्वतः त्याचा हात धरून त्यावर ठेवते. पण ठेवला नाही. ठेवला असता तर त्यानं काढून घेतला नसता कदाचित; पण मग रविवारी टेबलाशी बसणारा तो माधव राहिला नसता.

माधवला जाऊन आता काही दसरे झालेत. त्यानंतर खंडेनवमीला पाट मांडला की फुलं हातात घेऊन मी उगाच उभी राहायचे. यंदा माझीच मनगटं दुखतात. नळी वाकवताना कळ दोनदा निसटली. मी ठरवलं, वेळ झाली. अनुजाला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा नाही म्हटलं. आणि तिचं बरोबरच आहे. एका संग्रहालयात विचारलं. तिथल्या बाई गोड बोलल्या, पण म्हणाल्या, असली पुष्कळ पडून आहेत. वेल्डिंगचं दुकानदारानं पुन्हा सुचवलं. ते मला जमलं नसतं. मग गेल्या महिन्यात पोलीस ठाण्यात जमा करून आले.

हवालदारानं ते उचललं, सुतळीनं एक चिठ्ठी बांधली. मागच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आतले गावठी कट्टे, मोडक्या बंदुका, एका पोत्यात तलवारी दिसल्या. मी विचारलं, "इसमें तेल कौन डालेगा?"

"माताजी," तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "यहाँ आदमी को पानी पीने की फ़ुर्सत नहीं है."

त्यानं ते एका लोखंडी फळीवर ठेवलं. ठेवताना आवाज झाला. मी बाहेर येऊन बाकावर बसले. रिक्षावाले विचारून जात होते. कुरेशीसाहेबांना फोन केला. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. "दे आयी?" एवढंच त्यांनी विचारलं, दोनदा. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग ते म्हणाले, "अच्छा किया," आणि त्यांचा आवाज असा झाला की मीच फोन ठेवला.

आता रविवारी टेबल रिकामं असतं. मी कधीकधी चहा घेऊन तिथेच बसते. त्या सगळ्या रविवारांमधला एकच मला पूर्ण आठवतो, शेवटून दुसरा किंवा तिसरा असेल. थंडी होती. माधवचा खोकला वाढला होता, पण तो अजून टेबलाशी येऊन बसत होता. मी कापड सोडायला घेतलं, तर म्हणाला, "आज ते राहू दे."

"का रे? बरं वाटत नाहीये?"

"नाही, तसं नाही. आज तुझं सांग."

"माझं काय?"

"तू आता कशी दिसतेस?"

मी हसण्यावारी नेलं. "म्हातारी दिसते. आणखी काय!"

"असं नाही. नीट. मी तुला शेवटचं बघितलं त्याला किती दिवस झाले. मला ठाऊक असलेली तू जुनी झालीस."

मी आरशापाशी गेले नाही. बसल्या जागेवरूनच सांगायला लागले. केस आता पुरते पांढरे झालेत, रंगवणं मी सोडून दिलंय. चष्म्याची काडी बदललीय, तपकिरी आहे. कपाळावर उभी आठी पडलीय, ती जात नाही. गळ्याची कातडी सैल झालीय. डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, लांब, तो मी पूर्वी उपटायचे, आता उपटत नाही.

माधवनं मांडीवरचे हात वर आणले. टेबलावरून पुढे केले. चाचपडत नव्हे, सरळ, जणू दिसत असल्यासारखे. माझ्या कपाळावर बोटं ठेवली. आठीवर आला, थांबला. भुवईतला तो केस त्याला सापडला. मग हळूहळू गालावरून खाली. त्याची बोटं थंड होती. उजव्या गालापाशी ती अडली, एक जागा पुन्हा दाबून बघितली.

"दाढ काढलीस का गं?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सांगायचं राहूनच गेलं."